दोन पडद्यांमधले अंतर

घरातल्या एका संगणकावर साठवलेला चित्रपट त्याच घरातल्या दूरचित्रवाणी संचावर पाहता यावा, ही अपेक्षा आज इतकी साधी वाटते की ती नीट पूर्ण व्हायला जवळजवळ दोन दशके लागली हे सहजी पटत नाही. संपूर्ण फाइल आधी उतरवून न घेता ती येत असतानाच तिचा आलेला भाग दाखवत राहण्याची पद्धत, म्हणजेच स्ट्रीमिंग, आता बहुधा दूरच्या कंपन्यांच्या सेवांशी जोडली जाते. परंतु तिची एक घरगुती शाखाही आहे, जिच्यात पाठवणारे आणि दाखवणारे अशी दोन्ही यंत्रे एकाच घरात असतात आणि संग्रह त्या कुटुंबाचा स्वतःचा असतो. या शाखेचा इतिहास वेगाचा आणि तारांचा इतिहास म्हणून सांगण्याची प्रथा आहे, पण ती अपुरी आहे. वेगाचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. खरा आणि दीर्घ वाद होता तो टीव्हीने कोणत्या प्रकारच्या फाइली स्वीकाराव्यात आणि ते कोणी ठरवावे यावर. आणि त्या वादात शेकडो कंपन्यांच्या संघटनेला जे साधले नाही ते हौशी प्रोग्रॅमरांच्या विखुरलेल्या गटांनी करून दाखवले.

संगणक आणि टीव्ही हे मुळात परके नव्हते. 1977 चा ॲपल टू आणि 1982 चा सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम यांसारखे पहिले घरगुती संगणक टीव्हीलाच पडदा म्हणून वापरत; स्पेक्ट्रम तर टीव्हीच्या ॲन्टेनाच्या जोडणीतच आपली तार घालून एका वाहिनीवर चित्र पाठवत असे. पुढे कार्यालयीन कामासाठी बनलेल्या संगणकांनी स्वतंत्र मॉनिटर स्वीकारला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागात रूढ असलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या 625 रेषा दोन हप्त्यांत, आधी विषम आणि मग सम अशा क्रमाने, उमटत असत, तर 1987 च्या व्हीजीए मानकाचा संगणकी मॉनिटर सर्व रेषा एकाच फेरीत आणि अधिक वेगाने आखत असे. त्यामुळे संगणकातील चित्र टीव्हीवर न्यायचे तर ते आधी टीव्हीच्या रीतीत बदलणे भाग होते. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात काही ग्राफिक्स कार्डांवर त्यासाठी टीव्ही-आऊट नावाची जोडणी आली, पण तिच्यातून येणारी बारीक अक्षरे थरथरत आणि चित्राच्या कडा पडद्याबाहेर कापल्या जात. डिसेंबर 2002 मध्ये एचडीएमआय या जोडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले आणि पुढील काही वर्षांत चपट्या पडद्यांबरोबर ती घरोघरी पोहोचली तेव्हा हा प्रश्न मिटला. मात्र एचडीएमआयची तार फार लांब नेता येत नाही, आणि अभ्यासाच्या टेबलावरचा संगणक उचलून टीव्हीशेजारी ठेवणे हा उपाय कोणालाच रुचणारा नव्हता.

एका यंत्रातून अनेक पडद्यांपर्यंत चित्र पोहोचवण्याची कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे, आणि तिचा एक ठळक अध्याय मुंबईत घडला. 1982 मध्ये भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर, म्हणजे व्हीसीआर, श्रीमंत घरांत दिसू लागला. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईतील उंच इमारतींमध्ये एका खोलीत व्हीसीआर ठेवून त्याचा संकेत तारेने सगळ्या मजल्यांवरील घरांत पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू झाला, आणि ‘केबलवाला’ हा शब्द रोजच्या बोलण्यात आला तो तिथून. 1991 नंतर याच तारांमधून उपग्रह वाहिन्या वाहू लागल्या आणि 1995 च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्याने या धंद्याला चौकट मिळाली. या व्यवस्थेत प्रेक्षकाला निवड नव्हती, कारण कोणती कॅसेट केव्हा लावायची हे केबलवालाच ठरवत असे. साठा एका ठिकाणी आणि पडदे अनेक ठिकाणी ही रचना पुढे घरगुती स्ट्रीमिंगनेही स्वीकारली, पण तिच्यात निवडीचा अधिकार प्रत्येक पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे आला; या एका बदलासाठी चित्राचे अंकीकरण आणि त्याची आकुंचन-पद्धत या दोन्हींची गरज होती.

अंकीय चित्रपट मूळ स्वरूपात ठेवला तर तो कोणत्याही घरगुती डिस्कवर मावणार नाही, म्हणून त्यातील पुनरावृत्ती काढून टाकून तो लहान करावा लागतो. लहान करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एमपेग-1 या कोडेकवर आधारलेली व्हिडिओ सीडी 1993 मध्ये मानकबद्ध झाली. पाश्चात्त्य देशांत ती फारशी रुजली नाही, पण आशियात अफाट खपली, आणि महाराष्ट्रातही मराठी नाटके व चित्रपट कित्येक वर्षे व्हीसीडीवर विकले गेले. या तबकडीवरचा चित्रपट ‘डॅट’ प्रकारच्या फाइलींत असे आणि त्या फाइली संगणकात सहज उतरवता येत, त्यामुळे घरगुती चित्रसंग्रहाचा पाया इथे अनेकांसाठी व्हीसीडीनेच घातला. डीव्हीडीने एमपेग-2 कोडेकवर चित्राचा दर्जा कितीतरी वाढवला, परंतु तिचा चित्रप्रवाह सेकंदाला 9.8 मेगाबिटपर्यंत जाऊ शके, आणि 1999 मध्ये आलेल्या 802.11बी या वायफाय मानकाचा कागदावरचा वेग 11 मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्माच हाती येत असल्याने डीव्हीडीच्या दर्जाचे चित्र बिनतारी पाठवणे अशक्यप्राय होते.

ही कोंडी फुटली ती अधिकृत मार्गाने नव्हे. फ्रान्समधील जेरोम रोटा या तंत्रज्ञाने 1999 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-4 कोडेकवरचे बंधन काढून टाकले. मायक्रोसॉफ्टने तो फक्त स्वतःच्या फाइल-प्रकारात चालेल असा ठेवला होता, तो आता सर्वत्र चालणाऱ्या एव्हीआय फाइलींतही चालू लागला. डिव्हएक्स या नावाने पसरलेल्या या रीतीने दोन तासांचा चित्रपट 700 मेगाबाइटच्या एका सीडीत बसवता आला. साधा हिशेब केला तर हा प्रवाह सेकंदाला एका मेगाबिटच्याही आत येतो, म्हणजे सर्वांत जुन्या वायफायलाही तो पेलवतो. जाळ्याचा वेग वाढण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही, कारण चित्रपटच जाळ्यात मावेल एवढा झाला. परंतु इथेच पुढच्या वादाचे बीज पडले: टीव्हीशेजारची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या एमपेग-2 ओळखत होत्या, लोकांच्या संगणकांत मात्र डिव्हएक्स साठत चालले होते.

याच काळात फ्रान्समध्येच आणखी एक प्रयोग चालू होता. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जुन्या पद्धतीचे, मंद संगणकीय जाळे होते आणि विद्यार्थ्यांना वेगवान जाळे हवे होते. नव्या जाळ्याचा खर्च योग्य ठरेल असे काम त्यांना दाखवायचे होते. त्यातून असा प्रस्ताव पुढे आला की प्रत्येक खोलीसाठी वेगळी तबकडी आणि वेगळा डिकोडर घेण्याऐवजी एकाच मोठ्या उपग्रह-तबकडीतून येणारे कार्यक्रम जाळ्यावरून सर्वांच्या संगणकांपर्यंत पाठवावेत. 1996 मध्ये सुरू झालेल्या या विद्यार्थी-प्रकल्पाचे 1998 मध्ये नव्याने लेखन झाले आणि 1 फेब्रुवारी 2001 रोजी तो व्हिडिओलॅन या नावाने मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वाचता, बदलता व वाटता येईल अशा अटींवर, खुला झाला. त्यात पाठवणारा सर्व्हर आणि पाहणारा क्लायंट असे दोन भाग होते. त्यातला क्लायंट हाच पुढे जगभर व्हीएलसी म्हणून ओळखला गेला. आज त्याच्याकडे केवळ फाइल उघडणारे साधन म्हणून पाहिले जात असले, तरी त्याचा जन्म जाळ्यावरून टीव्ही पाठवण्यासाठी झाला होता, आणि कोणतीही फाइल नाकारायची नाही हा त्याचा बाणा तुटक, अर्धवट पोहोचणाऱ्या प्रवाहांशी झुंजतानाच घडला.

उद्योगजगतानेही प्रश्न ओळखला होता, पण त्याचा विचार दुसऱ्या टोकापासून सुरू झाला. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने ऑक्टोबर 1999 मध्ये यूपीएनपी फोरम स्थापन झाला आणि त्याने घरातील उपकरणांनी एकमेकांना आपोआप कसे ओळखावे याचे नियम आखले. नवे उपकरण जाळ्यात आले की ते 239.255.255.250 या ठरावीक पत्त्यावर आपली हाक देते; हा एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणारा, म्हणजे मल्टिकास्ट, पत्ता असल्याने घरातील सर्व जाणकार उपकरणे ती हाक ऐकतात आणि आपली ओळख सांगतात. 2002 मध्ये याच पायावर चित्र-ध्वनीसाठीचे नियम आले आणि त्यांत तीन भूमिका ठरवल्या गेल्या: साठा सांभाळणारा माध्यम-सर्व्हर, चित्र दाखवणारा रेंडरर आणि या दोघांची गाठ घालून देणारा नियंत्रक. नियंत्रक फक्त सूचना देतो. चित्रपट सर्व्हरकडून थेट रेंडररकडे जातो, त्यामुळे हातातल्या लहानशा उपकरणालाही मोठ्या पडद्यावरचा चित्रपट चालवता येतो. रचना म्हणून ही कल्पना अत्यंत सुबक होती, आणि तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

जून 2003 मध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह सतरा कंपन्यांनी एकत्र येऊन या नियमांना ग्राहकापर्यंत नेण्यासाठी एक गट स्थापला, आणि 2004 मध्ये त्याला डिजिटल लिव्हिंग नेटवर्क अलायन्स, म्हणजे डीएलएनए, हे नाव मिळाले. पुढे सदस्यसंख्या दोनशेच्या वर गेली. ज्या उपकरणावर या संघटनेचे चिन्ह असेल ते दुसऱ्या चिन्हांकित उपकरणाशी बोलेलच, अशी हमी देण्याचा तिचा हेतू होता, आणि हमी द्यायची तर सर्वांना मान्य असा किमान संच ठरवणे आवश्यक होते. घरगुती उपकरणांसाठी तो संच छायाचित्रांना जेपेग, ध्वनीला न आकुंचवलेला एलपीसीएम आणि चित्रपटाला एमपेग-2 असा ठरला. बाकी सर्व ऐच्छिक राहिले. हा निर्णय त्या संघटनेच्या दृष्टीने सुरक्षित होता, परंतु लोकांच्या संगणकांत प्रत्यक्षात असलेल्या डिव्हएक्स फाइली आणि डिसेंबर 2002 मध्ये जन्मलेल्या, अनेक भाषांचे ध्वनी व उपशीर्षके एकत्र सामावणाऱ्या मात्रोस्का प्रकारच्या फाइली त्या अनिवार्य यादीबाहेर राहिल्या. परिणामी चिन्ह असलेल्या टीव्हीवर चिन्ह असलेल्या सर्व्हरमधील फाइलींची नावे दिसत, पण त्यांतल्या कित्येक उघडत नसत. चित्रपट उद्योगाच्या आग्रहामुळे आलेल्या कुलूपबंद प्रवाहाच्या तरतुदींनी गुंतागुंत आणखी वाढवली. डीएलएनए अयशस्वी झाली असे म्हणणे चूक ठरेल, कारण तिचे नियम कोट्यवधी उपकरणांत बसले; पण लोकांनी काय साठवले आहे हे पाहून नियम करण्याऐवजी नियमांप्रमाणे लोक साठवतील अशी तिची अपेक्षा होती, आणि तिथेच ती कमी पडली.

नेमकी उलटी दिशा घेतली ती एक्सबॉक्सवर काम करणाऱ्या हौशी मंडळींनी. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2001 मध्ये विक्रीस आणलेले एक्सबॉक्स हे खेळांचे यंत्र आतून जवळजवळ साधा संगणकच होते: 733 मेगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर, 64 मेगाबाइट स्मृती, हार्ड डिस्क आणि जाळ्याची जोडणी, शिवाय टीव्हीला जोडायची सोय तर मुळातच. त्याचे कुलूप तोडले की त्यात बाहेरचे प्रोग्रॅम चालवता येत. 2002 मध्ये त्यासाठी एक माध्यम-वादक तयार झाला आणि त्यातूनच वाढलेल्या एक्सबॉक्स मीडिया सेंटरची, म्हणजे एक्सबीएमसीची, पहिली पूर्ण आवृत्ती जून 2004 मध्ये आली. त्याचे मूळ लेखन खुले होते, पण ते चालण्याजोग्या रूपात आणण्यासाठी मायक्रोसॉफ्टची परवानाधारकांनाच मिळणारी साधने लागत असल्याने तयार प्रोग्रॅम कायदेशीरपणे वाटता येत नसे; या अडचणीतही तो पसरला, कारण तो जे करत होता ते दुकानातले कोणतेही उपकरण करत नव्हते. विंडोज संगणकावर ‘शेअर’ केलेले फोल्डर तो थेट वाचत असे, त्यामुळे संगणकावर वेगळा सर्व्हर बसवण्याची गरजच नव्हती, आणि फाइल कोणत्याही कोडेकची असो, ती उलगडण्याची जबाबदारी तो स्वतःवर घेई. मानकाने पसंत केलेल्या फाइली दाखवायच्या हा डीएलएनएचा मार्ग होता. माणसाकडे असलेली फाइल दाखवायची हा एक्सबीएमसीचा. सोफ्यावरून, दहा फुटांवरून वाचता येतील अशी मोठी अक्षरे, चित्रपटांची भित्तिपत्रके आणि सारांश आपोआप शोधून लावलेले ग्रंथालयासारखे दालन, ही आज सर्व सेवांत दिसणारी मांडणी घरगुती संग्रहासाठी ज्यांनी प्रथम परिपक्व केली त्यांत या प्रकल्पाचे स्थान फार वरचे आहे. नोव्हेंबर 2008 पर्यंत तो लिनक्स, विंडोज आणि मॅकवर आला आणि 2014 मध्ये त्याने कोडी हे नाव घेतले.

याच वर्षांत मोठ्या कंपन्यांचे प्रयत्नही चालू होते. मायक्रोसॉफ्टने 2002 मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली आणि 2005 चा एक्सबॉक्स 360 हा तिचाच दिवाणखान्यातला हात बनवला. 2015 च्या विंडोज 10 मध्ये मात्र हे अंग वगळले गेले. ॲपलचा मार्च 2007 मध्ये विक्रीस आलेला ॲपल टीव्ही 40 गिगाबाइटच्या डिस्कवर संगणकातील आयट्यून्सचा संग्रह उतरवून घेई किंवा तिथून तो प्रवाहित करी, पण आयट्यून्सच्या बाहेरचे जग त्याला वर्ज्य होते.

एक्सबीएमसीच्या मार्गाला एक मर्यादा होती: फाइल उलगडण्याची ताकद टीव्हीशेजारच्या यंत्रात असावी लागे, आणि स्वस्त यंत्रांत, तसेच टीव्हींतच बसवलेल्या चिपांत, ती नसे. यावरचा उपाय ट्रान्सकोडिंग हा होता, म्हणजे समोरच्या उपकरणाला न कळणारी फाइल सर्व्हरने चालू असतानाच उलगडून, कळणाऱ्या कोडेकमध्ये पुन्हा बांधून पाठवणे. समोर टीव्ही आहे, प्लेस्टेशन 3 आहे की फोन, हे ओळखून सर्व्हर आपली भाषा बदलतो आणि त्यासाठी प्रोसेसरचे कष्ट उपसतो. टीव्हर्सिटी आणि पीएस3 मीडिया सर्व्हर या प्रोग्रॅमांनी डीएलएनएच्याच नियमांतून हे काम करून घेतले, त्यामुळे संघटनेच्या अपुऱ्या यादीवर उतारा तिच्याच वाटेने मिळाला. प्लेक्सने त्याला पूर्ण रूप दिले. एलन फाइनगोल्ड यांनी 2007 च्या अखेरीस एक्सबीएमसी मॅकवर आणण्याचे काम हाती घेतले होते. त्यातून 2008 मध्ये वेगळा झालेला हा प्रकल्प पुढे कंपनी बनला आणि त्याने संग्रहाची व्यवस्था, भित्तिपत्रके, कोण कुठपर्यंत पाहून थांबले याची नोंद, हे सारे पाहणाऱ्या यंत्राकडून काढून सर्व्हरकडे नेले. घरात चार पडदे असले तरी संग्रह एकच राहिला आणि एका खोलीत अर्धवट सोडलेला चित्रपट दुसऱ्या खोलीत तिथूनच पुढे सुरू होऊ लागला.

हे सर्व तंत्र ज्या साठ्यावर उभे होते त्याच्या मालकीचा प्रश्न न्यायालयातही गेला. कॅलिडस्केप या अमेरिकी कंपनीने धनिक घरांसाठी असा सर्व्हर बनवला होता की ग्राहकाने विकत घेतलेल्या डीव्हीडींची प्रत त्यात साठवली जाई आणि घरातील कोणत्याही टीव्हीवर दाखवली जाई. डीव्हीडीच्या कुलुपाचे परवाने देणाऱ्या संस्थेने 2004 मध्ये कॅलिडस्केपवर दावा लावला. तबकडी प्रत्यक्ष यंत्रात असल्याशिवाय चित्रपट चालता कामा नये, असा तिचा करारावर आधारलेला आक्षेप होता. 2007 मध्ये कंपनीच्या बाजूने लागलेला निकाल 2009 मध्ये अपिलात फिरला आणि प्रकरण 2014 मध्ये तडजोडीने मिटेपर्यंत चालले. कुलूप न तोडणाऱ्या, चोरीच्या प्रतींना थारा न देणाऱ्या आणि कायद्याने वागू पाहणाऱ्या कंपनीला दहा वर्षे न्यायालयात काढावी लागली, यावरून घरगुती सर्व्हरचे क्षेत्र हौशी लोकांच्याच हाती का राहिले हे उमगते.

परवान्यांची सावली छोट्या यंत्रांवरही पडली होती. फेब्रुवारी 2012 मध्ये ब्रिटनमधून 35 डॉलरना विक्रीस आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक शिक्षणासाठी होता, पण त्यातील चिप उच्च दर्जाचे चित्र सहज उलगडत असल्याने त्यावर एक्सबीएमसी चालवून टीव्हीमागे चिकटवण्याची रीत झपाट्याने रुजली. त्याच्या किमतीत एच.264 या नव्या कोडेकचा परवाना धरलेला होता. जुन्या एमपेग-2 चा परवाना मात्र 2.40 पौंड देऊन प्रत्येक यंत्रासाठी वेगळा घ्यावा लागे. ज्या कोडेकला डीएलएनएने सर्वांना समान म्हणून निवडले होते, तोच इथे जादा पैसे मोजून मिळणारी वस्तू ठरला.

एव्हाना वारे दुसरीकडून वाहू लागले होते. नेटफ्लिक्सने जानेवारी 2007 मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि 2008 मध्ये रोकूची छोटी पेटी ते टीव्हीवर नेऊ लागली. जुलै 2013 मध्ये आलेल्या 35 डॉलरच्या क्रोमकास्टने तर घरगुती साठ्याची गरजच गृहीत धरली नाही. क्रोमकास्टमध्ये फोन हा यूपीएनपीतल्या नियंत्रकासारखा फक्त काय लावायचे ते सांगतो आणि उपकरण तो प्रवाह थेट इंटरनेटवरून ओढते. रचना तीच राहिली, फक्त सर्व्हर घराबाहेर गेला. तीन भूमिका वेगळ्या करणाऱ्या 2002 च्या नियमांमधूनच हे स्थलांतर इतके सोपे झाले, हे त्या नियमांच्या कर्त्यांना अभिप्रेत नसलेले फळ होते. यूपीएनपी फोरमने 2016 च्या आरंभी आपले काम दुसऱ्या संस्थेकडे सोपवले आणि जानेवारी 2017 मध्ये डीएलएनए विसर्जित झाली, तरी तिचे नियम पाळणारे टीव्ही अजूनही जाळ्यात आले की हाक देतात आणि सर्व्हर असेल तर त्याला ओळखतात.

घरचा साठा जपणाऱ्यांचा वर्ग लहान झाला, पण तो विस्कटला नाही, उलट त्याच्यात जुना वाद नव्या रूपात उभा राहिला. मीडिया ब्राउझर नावाने सुरू झालेल्या एम्बी या सर्व्हरने 2018 मध्ये आपले लेखन बंद केले, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीतून जेलिफिन हा प्रकल्प वेगळा निघाला आणि त्याने ना परवाना शुल्क ना मध्यवर्ती खाते अशी भूमिका घेतली. प्लेक्सने एप्रिल 2025 पासून घराबाहेरून स्वतःचा संग्रह पाहण्यासाठी शुल्क लागू केले; घराच्या आतले स्ट्रीमिंग मात्र त्याने मोफतच ठेवले. संग्रह आणि सर्व्हर दोन्ही वापरकर्त्याचे, पण त्यांच्यापर्यंतचा रस्ता कंपनीचा, अशी ही नवी वाटणी आहे, आणि जेलिफिनच्या वापरकर्त्यांना तो रस्ता स्वतः बांधावा लागतो: घरच्या राऊटरवर वाट मोकळी करून देणे, इंटरनेटवर आपल्या सर्व्हरचा पत्ता स्थिर ठेवणे आणि परक्यांना आत येऊ न देण्याची व्यवस्था पाहणे, ही कामे त्यांच्याच माथी येतात.